‘सरासरीइतका पाऊस’ म्हणजे कोणाच्या शेतावर?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकाच विषयावरची आहेत : पावसाळ्याआधी भारतीय हवामान खात्याकडून जाहीर होणारा चार महिन्यांच्या पावसाचा अंदाज आणि त्यावरून उडत चाललेला लोकांचा विश्वास. काही पत्रांत राग आहे, काहींत नुसती हताशा आहे. म्हणून या वेळचे सदर संपूर्णपणे याच विषयाला दिले आहे. पत्रे जागेअभावी थोडी आखडती घेतली आहेत, सूर मात्र लिहिणाऱ्यांचाच ठेवला आहे.

प्रश्न : 2023 च्या एप्रिलमध्ये बातमी वाचली की पाऊस सरासरीच्या 96 टक्के, म्हणजे सर्वसाधारण पडणार. त्या भरवशावर उसनवारी करून पाच एकर सोयाबीन पेरले. जुलैत पीक पाहण्यासारखे होते. ऑगस्ट पूर्ण कोरडा गेला, फुले गळाली, शेंगा पोचट राहिल्या. पावसाळा संपल्यावर पुन्हा बातमी आली की अंदाज जवळपास बरोबर ठरला. ज्या वर्षी माझे पीक गेले, त्या वर्षीचा अंदाज बरोबर कसा? – एक शेतकरी, धारूर तालुका, जि. बीड

उत्तर : आपल्या पत्रातला शेवटचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण या विषयातला सगळा पेच त्या एका वाक्यात आला आहे. त्या वर्षी जून ते सप्टेंबर या काळात देशात सरासरीच्या सुमारे 94 टक्के पाऊस झाला. एप्रिलमधला अंदाज 96 टक्क्यांचा होता आणि त्यात दोन्ही बाजूंना 5 टक्क्यांची चूक गृहीत धरलेली होती. तेव्हा खात्याच्या कसोटीवर अंदाज उतरला, हे खरे आहे. आणि त्याच हंगामातला ऑगस्ट हा 1901 पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, त्या एका महिन्यात 36 टक्के तूट पडली, हेही तितकेच खरे आहे. जुलैत आणि सप्टेंबरमध्ये सरासरीहून अधिक पडलेल्या पावसाने हंगामाची बेरीज सावरली, परंतु बेरीज सावरली म्हणून ऑगस्टमध्ये पोचट राहिलेली शेंग सप्टेंबरात भरत नाही.

ज्या आकड्यावर आपण विसंबलात तो आकडा कसा तयार होतो ते पाहिले पाहिजे. 1971 ते 2020 या पन्नास वर्षांत संपूर्ण देशावर जून ते सप्टेंबर मिळून सरासरी 87 सेंटिमीटर पाऊस पडला, आणि 96 टक्के म्हणजे या 87 सेंटिमीटरचे 96 टक्के. त्यात चेरापुंजी आहे आणि जैसलमेरही आहे. इतके लांब जाण्याचेही कारण नाही. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, आणि या दोन जागांची सरासरी काढून माणच्या शेतकऱ्याला सांगितली तर त्याने तिचे काय करावे? धान्याची आयात करायची की नाही, धरणांतले पाणी कसे राखायचे, वीज कुठून आणायची, असे दिल्लीत बसून ठरवायचे निर्णय त्या आकड्यावर घेता येतात. धारूरमध्ये ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ओल राहील का, हे त्या आकड्याला ठाऊकच नव्हते.

दोष कोठे आहे, याविषयी माझे मत मी स्पष्ट सांगतो. खाते त्या आकड्याबरोबर शक्यतांचा एक तक्ताही देते : तुटीचा पाऊस, सरासरीहून कमी, सर्वसाधारण, सरासरीहून जास्त आणि अतिरिक्त अशा पाच वर्गांची प्रत्येकी किती टक्के शक्यता आहे, हे त्यात असते. कोणतेही शास्त्र न वापरता, केवळ जुन्या नोंदी मोजल्या तरी 90 टक्क्यांहून कमी पावसाचे, म्हणजे तुटीचे, वर्ष साधारण सहा वर्षांत एकदा येते, आणि एखाद्या वर्षी ही शक्यता नेहमीपेक्षा वाढली आहे की घटली आहे, हे या तक्त्यात वाचता येते. शेतकऱ्याच्या उपयोगाची जी काही थोडीफार माहिती असते ती येथेच असते, आणि बातमी देताना नेमका हा तक्ताच गाळला जातो. मथळ्यात ‘यंदा समाधानकारक पाऊस’ एवढेच उरते. खातेही आपल्या मराठी निवेदनांत ही अनिश्चितता घरगुती भाषेत सांगण्याचे कष्ट पुरेसे घेत नाही.

आपला अविश्वास निराधार नाही, हे इतिहासही सांगतो. 2002 मध्ये अंदाज 101 टक्क्यांचा होता. जुलैत पाऊस निम्म्याहूनही कमी झाला आणि हंगाम 81 टक्क्यांवर संपला. त्या वेळी वापरात असलेली सोळा घटकांची पद्धत शास्त्रज्ञ डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केली होती. 1988 पासून चौदा वर्षे तिच्यावर मोठा विश्वास होता. त्या एका जुलैने ती पद्धत बदलावी लागली. 2004 मध्ये 100 टक्क्यांचा अंदाज होता आणि प्रत्यक्ष पाऊस 87 टक्क्यांच्या आतबाहेर राहिला. 2009 मध्ये एप्रिलात 96 सांगितले, जूनमध्ये ते 93 केले आणि पाऊस झाला 78 टक्के. 1972 नंतर इतके कोरडे वर्ष देशाने पाहिले नव्हते. म्हणजे या शतकाच्या पहिल्या दशकातले तिन्ही मोठे दुष्काळ एप्रिलमध्ये खात्याला दिसले नाहीत. उलट बाजूही सांगितली पाहिजे. 2015 मध्ये एका खासगी संस्थेने 102 टक्के सांगितले असताना हवामान खात्याने एप्रिलात 93 आणि जूनच्या आरंभी 88 टक्के असा स्पष्ट तुटीचा अंदाज दिला, आणि पाऊस 86 टक्के झाला. पुढे 2024 मध्ये 106 चा अंदाज होता, पाऊस 108 टक्के झाला. सरासरी चूक पूर्वीपेक्षा कमी झाली आहे, पण मोठा दुष्काळ चार महिने आधी ओळखण्याची हातोटी अजून पक्की झालेली नाही.

हा अविश्वास आजचाही नाही. 1876 ते 1878 च्या भीषण दुष्काळानंतरच सरकारने हवामान खात्याच्या पहिल्या प्रमुखाकडे, हेन्री ब्लॅनफर्ड यांच्याकडे, पुढच्या पावसाचा अंदाज मागितला होता. हिमालयातल्या बर्फाचे प्रमाण पाहून ते अंदाज बांधीत, आणि 1886 पासून तो रीतसर जाहीर होऊ लागला. पुढे 1899 मध्ये चांगल्या पावसाचा अंदाज देऊन झाल्यावर भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा टीका इतकी झाली की त्यानंतरची काही वर्षे अंदाज लोकांपुढे न आणता केवळ सरकारकडे पाठवला जाई. आज तो जाहीर होतो आणि आपण त्याचा जाब विचारू शकतो, ही मला मोठी सुधारणा वाटते. आपण आपल्या पत्रात तेच केले आहे.

प्रश्न : उद्याच्या पावसाचा अंदाज चुकतो. मग चार महिन्यांचा बरोबर येईल, यावर मुलांनी विश्वास का ठेवावा? वर्गात हा प्रश्न आला आणि मला उत्तर देता आले नाही. – एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : आपल्या विद्यार्थ्याने विचारलेली शंका शास्त्रज्ञांनीही घेतलेली आहे. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी 1963 मध्ये दाखवले की वातावरणाच्या आजच्या स्थितीच्या मोजमापातली अगदी बारीक चूक दिवसांगणिक फुगत जाते. त्यामुळे अमुक गावी अमुक दिवशी पाऊस पडेल, असे साधारण दोन आठवड्यांच्या पलीकडे सांगता येत नाही, आणि यंत्रे कितीही मोठी केली तरी ही मर्यादा फारशी हलत नाही.

हंगामाचा अंदाज मात्र दिवस सांगतच नाही. आंब्याला आलेला मोहोर पाहून यंदा झाड लागेल की नाही, हे जाणता माणूस पौषात सांगू शकतो. कोणत्या डहाळीला किती कैऱ्या धरतील, हे त्याला कोणी विचारत नाही, आणि फाल्गुनात गारपीट झाली तर त्याचे म्हणणे फिरते, हेही सर्वांना ठाऊक असते. मोसमी पावसासाठी असा मोहोर म्हणजे समुद्राचे तापमान. समुद्र हवेपेक्षा फार सावकाश तापतो आणि सावकाश निवतो, म्हणून प्रशांत महासागराचा विषुववृत्ताजवळचा भाग नेहमीपेक्षा अधिक तापला, ज्याला आपण एल निनो म्हणतो, की त्याचा प्रभाव कित्येक महिने टिकतो आणि आपल्याकडचा पाऊस कमी होण्याकडे कल राहतो. उष्ण कटिबंधात अशा सावकाश बदलणाऱ्या गोष्टींवर हंगामाचा अंदाज बांधता येईल, असा विचार ज्यूल चार्नी आणि जगदीश शुक्ला या हवामानशास्त्रज्ञांनी 1981 मध्ये मांडला.

मुलांना 1997 ची गोष्टही जरूर सांगावी. त्या वर्षीचा एल निनो गेल्या शतकातल्या सर्वांत प्रबळ एल निनोंपैकी होता आणि देशभर दुष्काळाची भीती होती. पाऊस झाला 102 टक्के. हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्व भागापेक्षा अधिक तापला होता आणि त्याने प्रशांत महासागराचा परिणाम बऱ्याच अंशी भरून काढला, असे पुढे अभ्यासकांनी मांडले. शिवाय प्रशांत महासागर पुढे कोणीकडे वळेल हे मार्च ते मे या काळात सांगणे सर्वांत अवघड असते, आणि आपला पहिला अंदाज नेमका एप्रिलमध्ये येतो. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस येणारा सुधारित अंदाज अधिक गंभीरपणे वाचावा.

प्रश्न : आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला पाऊस-पिकांचे भाकीत सांगणारी भेंडवळची घटमांडणी होते. पंचांगातही पावसासाठी नक्षत्रांची वाहने दिलेली असतात. खाते चुकते तसे हेही चुकतात. मग लोकांनी आपल्या परंपरेवर विश्वास ठेवला तर बिघडले काय? – एक वाचक, जळगाव जामोद, जि. बुलढाणा

उत्तर : भेंडवळला मी दोन वेळा गेलो आहे. घटाभोवती मांडलेली अठरा धान्ये, पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, पाण्याने भरलेली घागर, आणि भल्या पहाटेपासून दाटीने उभी असलेली माणसे हे सारे मी पाहिले आहे. त्या गर्दीची मी कधीही चेष्टा करणार नाही. वर्षभराची जोखीम डोक्यावर असलेल्या माणसाला पेरणीआधी कोठेतरी मन टेकवायला जागा हवी असते, आणि त्या निमित्ताने शेकडो शेतकरी एकमेकांशी पिकांविषयी बोलतात, हेही मोलाचे आहे.

परंतु आपण ‘बिघडले काय’ असे विचारले आहे, तर उत्तर दिले पाहिजे. पंचांगातले वाहन कसे ठरते? सूर्य ज्या नक्षत्रात प्रवेश करतो तेथपासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे आणि येणाऱ्या संख्येला 9 ने भागायचे. बाकी उरेल त्याप्रमाणे घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव किंवा हत्ती. या गणितात समुद्र नाही, वारा नाही, आणि येणारे उत्तर कोकणातल्या चिपळूणला व दुष्काळी जतला एकच असते. म्हैस आली म्हणून जतला चिपळूणसारखा पाऊस पडत नाही, हे तेथल्या कोणाही माणसाला माहीत आहे. नक्षत्रांचा दुसरा उपयोग मात्र अस्सल आहे. मृग, आर्द्रा, मघा, हस्त ही सूर्यगतीवर बसवलेली, तेरा-चौदा दिवसांच्या टप्प्यांची दिनदर्शिका आहे, आणि हस्ताच्या पावसावर रब्बी ज्वारीची ओल ठरते, असे जे आपले आजोबा सांगत, ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेले होते.

माझ्या दृष्टीने फरक ताळा पाहण्यात आहे. खात्याचा अंदाज लेखी असतो, आकड्यात असतो, चुकीची मर्यादा सांगून दिलेला असतो. म्हणूनच वरच्या उत्तरात मी त्याच्या चुका वर्षांसह मांडू शकलो. ‘पाऊस कमी-अधिक राहील, काही ठिकाणी चांगला, काही ठिकाणी मध्यम’ असे भाकीत चुकूच शकत नाही, आणि जे चुकू शकत नाही त्याच्या आधारावर बियाण्याचे पैसे लावू नयेत.

प्रश्न : चांगल्या पावसाचा अंदाज देऊन बियाणे आणि खते खपवायची, असा हा डाव आहे, असे आमच्या गावात उघडपणे बोलले जाते. तुम्ही काय म्हणाल? – एक शेतकरी, परभणी जिल्हा

उत्तर : हे केवळ पारावरचे बोलणे नाही. जुलै 2017 मध्ये माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी दिंद्रूड पोलीस ठाण्यात याच आशयाची लेखी तक्रार दिली होती. पेरलेले उगवले नाही, दुबार पेरणीला पैसा नाही, अशा अवस्थेत माणसाला हा संशय आला तर मी त्याला दोष देणार नाही.

तरीही उपलब्ध आकडे या संशयाच्या बाजूने बोलत नाहीत. बियाणे खपवण्यासाठीच अंदाज दिला जात असता, तर 2015 मध्ये ऐन पेरणीच्या तोंडावर 88 टक्क्यांचा तुटीचा अंदाज आला नसता. 2019 मध्ये खात्याने 96 सांगितले आणि पाऊस 110 टक्के झाला. त्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होते. चूक दोन्ही दिशांना होते. हेतुपुरस्सर केलेली चूक एकाच बाजूला झुकलेली दिसली असती.

मात्र अंदाजाचा वापर करून माल खपवला जातो, ही गोष्ट वेगळी आहे आणि ती मी स्वतः पाहिली आहे. एका तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्राच्या दारात ‘यंदा पाऊस भरपूर, लवकर पेरा’ असा फलक लावलेला होता आणि शेजारी वर्तमानपत्राचे कात्रण चिकटवले होते. कात्रण देशाच्या सरासरीचे होते. ‘लवकर पेरा’ हे शब्द दुकानदाराचे होते. त्या दिवसापर्यंत त्या तालुक्यात एकूण 22 मिलिमीटर पाऊस झाला होता.

प्रश्न : हवामान खाते ‘दुष्काळ पडेल’ असे कधीच का म्हणत नाही? – एक वाचक, पुणे

उत्तर : 2016 पासून खात्याने हा शब्द आपल्या वापरातून काढून टाकला असून त्याऐवजी ‘तुटीचे वर्ष’ अशी संज्ञा वापरली जाते. कारण दुष्काळ जाहीर करणे हे राज्य सरकारचे काम आहे आणि त्यासाठी पावसाबरोबर पिकांची स्थिती, जमिनीतली ओल, भूजल हेही पाहावे लागते. 2023 मध्ये राज्य सरकारने 31 ऑक्टोबरला 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो याच निकषांवर. खात्याची भूमिका कायद्याने योग्य आहे, पण जनावरे विकावीत की ठेवावीत हे ज्याला ऑगस्टमध्येच ठरवायचे असते, त्याला ऑक्टोबरअखेरची घोषणा फार उशिरा पोचते, आणि ही मधली पोकळी भरून काढणारी कोणतीही व्यवस्था आज नाही.

प्रश्न : नवऱ्याच्या पश्चात चार एकर कोरडवाहू शेती मीच पाहते. कापूस आणि तूर घेते. 2025 मध्ये पाऊस मे महिन्यातच आला म्हणून शेजाऱ्यांनी घाई केली; मी थांबले. बरोबर केले का? आणि अंदाजांपैकी मी नेमके काय पाहावे? – एक शेतकरी भगिनी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, आपण थांबलात ते योग्यच केले. त्या वर्षी मोसमी पाऊस 24 मे रोजी केरळात आणि लगेच 25 मे रोजी तळकोकणात पोचला, परंतु त्यानंतर त्याची वाटचाल रेंगाळली आणि विदर्भाला जूनमध्ये बरेच दिवस वाट पाहावी लागली. कोकणात पाऊस आला म्हणजे यवतमाळला आला, असे होत नाही, आणि आधी आला म्हणजे टिकेल, असेही नाही.

एप्रिल-मेचा हंगामी अंदाज आपण पेरणीची तारीख ठरवायला वापरू नये. जमीन कशी वाटायची, हे ठरवायला वापरावा. तुटीच्या पावसाची शक्यता नेहमीपेक्षा जास्त सांगितली असेल, तर कापसात तुरीच्या ओळी वाढवाव्यात, कमी कालावधीचे वाण पाहावे आणि सगळा पैसा एकाच पिकात घालू नये. धूळपेरणीचा, म्हणजे पावसाआधी कोरड्या जमिनीत पेरण्याचा, मोह अशा वर्षी टाळावा.

पेरणीसाठी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल उतरू द्यावी, अशी कृषी विद्यापीठांची शिफारस आहे. शिवारात फिरताना मी वृद्ध शेतकऱ्यांना मूठभर माती उकरून, लाडू वळून, तो फुटतो की टिकतो हे पाहताना पाहिले आहे. ती परीक्षा आजही खरी आहे. ओल झाली की मग पुढचे पाहावे. खाते दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देते. त्यातले पहिले दोन आठवडे बरेच भरवशाचे असतात, पुढचे दोन केवळ कल म्हणून वाचावेत. त्यात मोठा खंड दिसत असेल तर ओल असूनही दोन-चार दिवस थांबणे परवडते. मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला त्याच्या जोडीला ठेवावा. फवारणी आणि खताचा दुसरा हप्ता यांसाठी पाच दिवसांचा अंदाज खरोखर उपयोगी पडतो.

आणखी एक काम आपण स्वतः करावे, अशी माझी विनंती आहे. सरळ कडांचा, सपाट बुडाचा एक पत्र्याचा डबा घ्या आणि झाडापासून व घरापासून दूर, उघड्यावर, वाऱ्याने पडणार नाही असा बसवा. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठ वाजता, म्हणजे खाते ज्या वेळी मोजते त्याच वेळी, आतले पाणी पट्टीने मोजा, वहीत मिलिमीटर लिहा आणि डबा रिकामा करा. आपल्या महसूल मंडळात महावेध योजनेचे स्वयंचलित हवामान केंद्र असेल. त्याचा त्या दिवसाचा आकडा ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) किंवा सहायक कृषी अधिकाऱ्यांकडून घेऊन शेजारच्या रकान्यात मांडा. तिसऱ्या रकान्यात त्या आठवड्याचा अंदाज. मंडळाच्या केंद्रावर पडलेला पाऊस आपल्या शिवारात पडलाच असेल, असे नसते, हेही या वहीतून दिसेल. दोन हंगामांच्या अशा नोंदी झाल्या की त्यांची एक प्रत या सदराच्या पत्त्यावर पाठवावी. मी त्या अंदाजांशी ताडून पाहीन आणि काय निघाले ते येथे छापीन.